त्रिंकोमाली : मुंबईच्या गोदीत जन्मलेली नौका आणि तिची लाकडी प्रतिकृती

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासविषयक लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा प्रेमळ आग्रह झाला, तेव्हा मी प्रथम संकोचलो. प्रस्तुत लेखक व्यवसायाने कापडाचा व्यापारी, शिक्षण बी.कॉम.पर्यंत. इतिहासाचा अभ्यासक म्हणवून घेण्याचा अधिकार त्याला नाही. परंतु दुकान बंद झाल्यावर रात्रीच्या निवांत वेळी एका जुन्या शिडाच्या जहाजाची लाकडी प्रतिकृती घडविण्याचा नाद मला लागला आणि त्या नादापायी इतिहासाची जी चार पाने वाचली गेली, ती आपणा सर्वांपुढे ठेवावीत असे वाटले. सुज्ञ वाचकांनी यातील उणिवा पदरात घ्याव्यात.

२०१४ साली मी मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो. एका रविवारी जावयांनी आम्हा उभयतांना ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल या बंदरगावी नेले. तेथील जुन्या गोदीत तीन डोलकाठ्यांची एक भव्य नौका पाण्यावर उभी होती. परदेशातील प्रेक्षणीय स्थळ पाहावे तसे मी ते जहाज पाहत होतो. तेवढ्यात तेथील माहितीफलक वाचला : बांधणी – मुंबई, १८१७. मी पुन्हा वाचले. मग जहाजाच्या आतील एका जाडजूड वाशावर हात ठेवला. ते सागवान होते. ज्या लाकडाच्या चौकटीतून आमच्या आजोबांच्या दुकानात मी लहानपणापासून आत-बाहेर केले, त्याच जातीचे लाकूड सातासमुद्रापलीकडे दोनशे वर्षे तग धरून होते. या जहाजाचे नाव ‘त्रिंकोमाली’. त्याच दिवशी मनाने घेतले की, ही नौका आपण आपल्या हातांनी, लहान आकारात का होईना, पुन्हा बांधायची.

मुंबईची गोदी आणि वाडिया घराणे

जहाजाची प्रतिकृती समजण्यापूर्वी ते जहाज कोणत्या हातांनी घडविले, हे पाहणे अगत्याचे आहे. १७३६ साली ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेहून लवजी नसरवानजी या पारशी कारागिरास मुंबईत आणले. जहाजबांधणी हाच व्यवसाय असल्याने हे घराणे पुढे ‘वाडिया’ या नावाने प्रसिद्ध झाले. १७५० मध्ये मुंबईत पहिली सुकी गोदी तयार झाली. भरतीच्या वेळी जहाज आत घ्यावयाचे, दरवाजे लावून पाणी काढून टाकावयाचे आणि कोरड्या जागी त्याच्या बुडाची दुरुस्ती करावयाची, अशी ती सोय. पुढे जवळजवळ दीडशे वर्षे मुख्य जहाजबांधकाराचे पद या एकाच घराण्याकडे राहिले. पिढ्यान्‌पिढ्या एकच धंदा करणाऱ्या आपल्यासारख्या व्यापारी कुटुंबांना यातील अवघड भाग सांगावयास नको.

त्या काळी इंग्लंडच्या आरमारी जहाजांसाठी ओक वृक्षाचे लाकूड वापरीत. नेपोलियनबरोबरच्या दीर्घ युद्धात ओकचा तुटवडा पडला आणि ब्रिटिश आरमाराची दृष्टी मलबारच्या सागवानाकडे वळली. सागवान केवळ मिळत होते म्हणून नव्हे, तर गुणांनीही सरस ठरले. ओकमधील आम्लामुळे लोखंडी खिळे गंजतात. उलट, सागवानातील नैसर्गिक तेल खिळ्यांना जपते आणि लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यांनाही बराच काळ दूर ठेवते. परिणामी मुंबईत बांधलेल्या जहाजांना मोठी मागणी आली. ‘मिंडेन’ ही ७४ तोफांची मोठी युद्धनौका १८१० मध्ये मुंबईत बांधून झाली. ‘कॉर्नवॉलिस’ १८१३ मध्ये आणि ‘एशिया’ १८२४ मध्ये पाण्यात उतरली. ग्रीसच्या किनाऱ्याजवळ १८२७ साली झालेल्या नवारिनोच्या लढाईत ब्रिटिश सेनापतीचे निशाण याच ‘एशिया’वर फडकत होते.

या काळातील मुख्य बांधकार जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्याविषयी एक आख्यायिका सांगितली जाते. त्यांनी बांधलेल्या एका जहाजाची अनेक वर्षांनंतर इंग्लंडमध्ये दुरुस्ती चालली असता बुडाजवळील एका आतल्या वाशावर काही अक्षरे कोरलेली आढळली. हे जहाज एका काळ्या माणसाने बांधले आहे, अशा अर्थाचा तो मजकूर होता. आणि त्यात गोऱ्या साहेबांच्या तोंडची शिवीही जशीच्या तशी कोरलेली होती म्हणतात. आख्यायिकेत खरे किती, हे अभ्यासकांनी ठरवावे. परंतु जेथे कोणाची दृष्टी जाणार नाही अशाच जागी कारागिराने आपले मन मोकळे केले, हा त्यातील भाग माझ्या मनात घर करून राहिला. पुढे प्रतिकृती बांधताना मला त्याची वारंवार आठवण झाली.

त्रिंकोमालीची जन्मकथा

श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावरील बंदराचे नाव मिळालेल्या या जहाजाची मागणी १८१२ मध्ये नोंदविली गेली. तिचा आराखडा मुळात फ्रेंच होता. १७८२ मध्ये इंग्रजांनी ‘हेबे’ नावाची फ्रेंच नौका पकडली, तिची घडण त्यांना इतकी आवडली की तिच्यावरून ‘लेडा’ वर्गाची अनेक जहाजे त्यांनी बांधली. म्हणजे कल्पना फ्रेंचांची, पैसा इंग्रजांचा, लाकूड मलबारचे, बांधकार पारशी आणि राबणारे हात मुंबईच्या गोदीतले.

या जहाजाचे नकाशे ‘जावा’ नावाच्या युद्धनौकेवरून मुंबईस पाठविण्यात आले होते. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या नौकेने ‘जावा’ला गाठून तिचा पराभव केला आणि ती नष्ट झाली. तिच्याबरोबर नकाशेही गेले. दुसऱ्या प्रती तयार करून पाठविण्यात आल्या. २५ एप्रिल १८१६ रोजी जहाजाचा कणा बसविण्यात आला. पारशी परंपरेप्रमाणे त्या कण्यात मजकूर कोरलेला एक चांदीचा खिळा ठोकण्यात आला. त्याशिवाय जहाजाचे कल्याण होणार नाही, अशी श्रद्धा होती. आपणही वास्तूच्या पायात काही ना काही ठेवतोच.

१२ ऑक्टोबर १८१७ रोजी त्रिंकोमाली पाण्यात उतरली. मराठी वाचकाला हे वर्ष वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. त्यानंतर अवघ्या चोवीस दिवसांनी, ५ नोव्हेंबर रोजी, खडकीची लढाई झाली आणि पेशवाईच्या अस्ताला प्रारंभ झाला. ज्या सत्तेसाठी मुंबईचे कारागीर ही नौका सजवीत होते, तीच सत्ता घाटमाथ्यावर आपले राज्य बुडवीत होती. हा विरोधाभास मला टाळता येत नाही आणि टाळूही नये.

नकाशावरून लाकडाकडे

ब्रिटिश आरमाराच्या जुन्या जहाजांचे मूळ नकाशे ग्रिनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयात जतन केलेले असून त्यांच्या प्रती विकत मिळतात. त्यातून लेडा वर्गाचे नकाशे मागविले. हे नकाशे तीन प्रकारचे असतात : जहाज बाजूने कसे दिसते तो एक, समोरून व मागून कापत गेल्यास प्रत्येक छेद कसा दिसेल तो दुसरा, आणि वरून पाहता अर्धी रुंदी कशी बदलत जाते तो तिसरा. एकच रेषा तिन्ही नकाशांत ताडून पाहिली की जमाखर्चाचा मेळ बसावा तसा आकार डोळ्यांपुढे उभा राहतो. येथे बी.कॉम. कामास आले, एवढे नम्रपणे नमूद करतो.

प्रमाण ठरविले अठ्ठेचाळीसास एक, म्हणजे मूळ जहाजाचा एक फूट तो प्रतिकृतीत पाव इंच. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडच्या आरमारासाठी जी सुंदर प्रतिरूपे बनविली जात, त्यांचे प्रचलित प्रमाण हेच होते. मूळ जहाजाच्या तोफांच्या डेकची लांबी सुमारे १५० फूट आणि रुंदी सुमारे ४० फूट. म्हणजे माझ्या जहाजाची लांबी साडेसदतीस इंच व रुंदी दहा इंच झाली. पुढे आलेली तिरपी डोलकाठी धरल्यावर घरातील शिलाई मशीनचे टेबल अपुरे पडू लागले, आणि ते टेबल सौभाग्यवतींचे होते!

पहिला प्रश्न लाकडाचा. सागवानाचे जहाज सागवानातच करावे, ही माझी भाबडी कल्पना. अनुभवाने कळले की सागवानाचे रेषे ठळक असतात. मोठ्या जहाजात ते शोभतात. लहान प्रतिकृतीत मात्र प्रत्येक रेषा दोरखंडाएवढी दिसते. याकरिता दाट व बारीक पोताचे लाकूड लागते. पाश्चात्त्य कारागीर नासपतीचे किंवा बॉक्सवुडचे लाकूड वापरतात. आमच्या मिस्त्रींनी हळदूचे नाव सुचविले. पिवळसर रंगाचे, मऊसूत पोताचे हे लाकूड पूर्वी कापड गिरण्यांतील बॉबिन बनविण्यासाठी वापरीत. हे ऐकताच मी आमच्या माळ्यावरील एक पोते खाली काढले. बंद पडलेल्या एका गिरणीच्या लिलावात वडिलांनी इतर मालाबरोबर घेतलेली बॉबिन त्यात पडून होती. त्यांतूनच पुढे माझ्या जहाजाच्या शेकडो कप्प्या आणि दोर ताणण्याच्या तीन छिद्रांच्या गोल चकत्या तयार झाल्या. फळ्यांसाठी हळदू वखारीतून आणले. सागवान मात्र एका ठिकाणी वापरलेच : कण्यासाठी. कोकणातील जहाजबांधणीचे सुतार ज्याला ‘पठाण’ म्हणतात तो हा बुडाचा मुख्य वासा. दुकानाचे नूतनीकरण केले तेव्हा आजोबांच्या काळची दाराची चौकट निघाली होती, तिच्यातून तो कापून घेतला.

कण्यावर बरगड्या उभ्या राहतात. मूळ जहाजात प्रत्येक बरगडी एका अखंड लाकडाची नसून अनेक तुकड्यांची असते. दोन बरगड्या एकमेकींस चिकटवून जोडी करतात आणि एकीचा सांधा दुसरीच्या अखंड भागासमोर आणतात. दोन सांधे शेजारी येऊ द्यावयाचे नाहीत, हा नियम. नैसर्गिक वळणाची लाकडे शोधून, त्यांच्या वळणाप्रमाणे जागा ठरविणे हे मोठ्या बांधकाराचे कौशल्य. मला ते तुकडे करवतीने कापावे लागले. एक बरगडी तयार करण्यास आठवडा लागे. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याच्या आपल्या घरांतील शिस्तीचा असाही लाभ झाला की रात्री दुकान बंद करून आलो की दीड-दोन तास मोकळे मिळत.

एक चूक आणि आजोबांचा गज

बरगड्यांवर फळ्या बसविण्याचे काम सुरू झाले. पट्ट्या गरम पाण्यात भिजवावयाच्या, तापलेल्या नळीवर हलकेच वाकवावयाच्या आणि खालून-वरून एकेक बसवीत जावयाचे. डाव्या बाजूच्या चौदा पट्ट्या बसल्या. उजवीकडे आरंभ केला तेव्हा लक्षात आले की दोन्ही बाजू जुळत नाहीत. डावीकडच्या मागील पाच बरगड्या एक अष्टमांश इंचाने बाहेर गेल्या होत्या. अष्टमांश इंच म्हणजे काय मोठे? परंतु अठ्ठेचाळीसने गुणले की मूळ जहाजात ते सहा इंच होतात. सहा इंच वाकडे जहाज सरळ चालणार नाही.

आमचे मिस्त्री अनुभवी व मनाने दिलदार. ते म्हणाले, “शेठ, वरून तांब्याचा पत्रा लागणार, रंग लागणार. कोण बघतंय आत?” त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. आठ महिन्यांचे काम होते. दोन दिवस मी त्या टेबलाकडे फिरकलो नाही.

तिसऱ्या दिवशी दुकानात एका गिऱ्हाइकास कापड मोजून देत असताना भिंतीवरील आजोबांच्या जुन्या लोखंडी गजाकडे लक्ष गेले. वार जाऊन मीटर आला तेव्हापासून तो केवळ आठवण म्हणून टांगलेला आहे. कापड मोजताना गजाच्या टोकाशी अंगठा किंचित मागे घेतला तर प्रत्येक वारामागे अर्धा इंच वाचतो, हे आमच्या धंद्यात कोणास ठाऊक नाही? आजोबा तो अंगठा नेहमी गजाच्या पुढे ठेवीत. गिऱ्हाइकास ते कधी दिसत नसे. मी त्याच रात्री चौदाही पट्ट्या उकलल्या, पाच बरगड्या काढून टाकल्या आणि नव्याने आरंभ केला. मिस्त्रींनी पुढे त्याविषयी एक शब्दही काढला नाही. परंतु त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी ते बोलावल्याशिवाय येऊ लागले.

सरस, मेण आणि रेशीम

या कलेच्या परदेशी पुस्तकांत जी साधने सांगितलेली असतात, त्यांतील काही आपल्या आचाराशी जुळत नाहीत. जुने कारागीर लाकूड जोडण्यास प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेला सरस वापरीत. दोर कुसळू नयेत म्हणून ते मधमाश्यांच्या मेणावरून ओढीत. बारीक दोरखंडासाठी रेशमाचा धागा उत्तम मानला जातो. अखेरची झिलई लाखेच्या पॉलिशची, आणि लाखही किड्यांपासूनच होते. नेपोलियनच्या युद्धात इंग्रजांच्या कैदेत पडलेल्या फ्रेंच सैनिकांनी तर जेवणातून उरलेल्या हाडांची जहाजे बनविली. त्यांची नजाकत थक्क करणारी आहे, तरी ती पाहताना मन कचरते.

मी यातील प्रत्येकाला पर्याय शोधला. सरसाऐवजी बाजारात सहज मिळणारा पांढरा कृत्रिम गोंद, मधाच्या मेणाऐवजी मेणबत्तीचे खनिज मेण, लाखेऐवजी जवसाचे तेल आणि रेशमाऐवजी सुती व जवसाच्या तागाचा धागा. केसांच्या कुंचल्याच्या जागी नायलॉनचा. यामुळे काम थोडे कठीण झाले, बिघडले नाही. सुती धाग्याला पीळ देण्यासाठी तीन आकड्यांचे एक हातयंत्र बनविले. तीन धागे एका दिशेने पिळावयाचे आणि मग ते एकत्र उलट दिशेने पिळावयाचे. दोन्ही पीळ एकमेकांस रोखून धरतात आणि दोर उकलत नाही. मोठ्या दोरखंडाचे तत्त्व हेच. सुताचा धंदा करणाऱ्याला यात नवे काहीच नाही, परंतु ज्या ज्ञानावर चाळीस वर्षे पोट भरले ते जहाजाच्या दोरखंडात भेटल्यावर जुना सोबती भेटल्याचा आनंद झाला.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली आणि दुकानाचे दार अनेक आठवडे बंद राहिले. व्यापाऱ्याच्या आयुष्यात असे दिवस कधी आले नव्हते. काउंटरवर गिऱ्हाईक नाही, मालाचे पैसे अडकलेले, रोज एखादी वाईट वार्ता. त्या दिवसांत मी डोलकाठीच्या दोन्ही बाजूंच्या दोरांवर शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या दोऱ्या बांधीत बसलो. प्रत्येक छेदावर एक गाठ. अशा हजाराहून अधिक गाठी. मूळ जहाजावर याच पायऱ्यांवरून खलाशी वर चढत. नातू शेजारी बसून मोजदाद करी. त्या गाठींनी माझे मन ठिकाणावर ठेवले, असे आज मागे वळून पाहताना वाटते.

शिडे : कापडवाल्याची कसोटी

शिडांच्या बाबतीत तरी आपण कोणास हार जाणार नाही, असे मला वाटत होते. प्रत्यक्षात तेथेच सर्वाधिक शिकावयास मिळाले. ब्रिटिश आरमाराचे शिडाचे कापड जवसाच्या तागापासून विणलेले, चोवीस इंच पन्ह्याचे असे. जाडीनुसार त्याला क्रमांक दिलेले असत. पहिल्या क्रमांकाचे कापड सर्वांत जाड. वादळाला तोंड देणाऱ्या शिडांना जाड कापड, उंचावरील हलक्या शिडांना पातळ. हे पन्हे एकमेकांस शिवून प्रचंड शीड तयार होई. माझ्या प्रमाणात चोवीस इंच म्हणजे अर्धा इंच. म्हणून प्रत्येक शिडावर अर्ध्या-अर्ध्या इंचावर शिवणीची रेषा हवी.

परंतु कापड कोणते? दुकानातील सर्वोत्तम मलमल घेतली. इंचात शंभर धागे. मग हिशेब केला. अठ्ठेचाळीसाच्या प्रमाणात इंचात शंभर धागे म्हणजे मूळ जहाजावर इंचात जेमतेम दोन धागे. असे कापड शिडाचे नव्हे, गोणपाटाहूनही विरळ! लाकूड लहान करता येते, दोर बारीक वळता येतो. कापडाचे पोत मात्र लहान करता येत नाही. म्हणूनच जुन्या काळातील नामांकित प्रतिरूपांवर बहुधा शिडे नसतात. अखेरीस मी शिडे आडव्या काठ्यांवर गुंडाळून बांधलेली दाखविली. त्यातही एक युक्ती आहे : पूर्ण उंचीचे कापड गुंडाळले तर गुंडाळी गादीसारखी फुगते, म्हणून उंचीचा तिसरा हिस्साच कापड घ्यावयाचे.

शिडांच्या निमित्ताने मुंबईचे आणखी एक देणे सांगितले पाहिजे. जाड्याभरड्या सुती कापडास इंग्रजीत ‘डंगरी’ म्हणतात. हा शब्द मुंबई बंदरालगतच्या डोंगरी या वस्तीवरून आल्याचे कोशकार मानतात. हे कापड शिडांसाठी, तंबूंसाठी व खलाशांच्या कपड्यांसाठी वापरले जाई. मुंबईने केवळ जहाजे दिली नाहीत. त्यांवरील माणसांच्या अंगावरच्या वस्त्राला नावही दिले.

तोफांचा प्रश्न

जहाज आकारास येऊ लागले तसा घरात एक प्रश्न उभा राहिला. सौभाग्यवतींनी शांतपणे विचारले, “आपल्या घरात, देव्हाऱ्याच्या शेजारच्या खोलीत, तोफांचे जहाज ठेवायचे?” प्रश्न रास्त होता. त्रिंकोमाली ३८ तोफांच्या वर्गातील युद्धनौका. ती तयार होईपर्यंत नेपोलियनचे युद्ध संपलेले होते. १८१९ मध्ये ती इंग्लंडला पोहोचली आणि १८४५ पर्यंत काम नसल्याने उभीच राहिली. पुढे तिने दहा वर्षे समुद्रात सेवा केली, परंतु कोणत्याही मोठ्या सागरी लढाईत तिला उतरावे लागले नाही. एवढे समाधान मला लाभले.

तथापि तिच्या भगिनींबाबत असे म्हणता येत नाही. २९ ऑगस्ट १८४२ रोजी मुंबईत बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ जहाजावरच नानकिंगचा तह झाला आणि पराभूत चीनला हाँगकाँग बेट इंग्रजांना द्यावे लागले. त्या युद्धाच्या मुळाशी अफूचा व्यापार होता. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई आणि त्या व्यापारात मुंबईच्या निरनिराळ्या समाजांतील व्यापाऱ्यांचा हात होता. भायखळ्याचे जिनमंदिर व शत्रुंजयावरील मोतीशा टूंक यांमुळे आपणा सर्वांस वंदनीय असलेले शेठ मोतीशा (१७८२–१८३६) यांचीही जहाजे होती व चीनशी व्यापार होता. त्या पिढीचे दातृत्व आपण गौरवाने सांगतो. त्या काळाच्या व्यापाराची ही काळी बाजूही आपल्या मुलांना ठाऊक असावी. केवळ जमेची पाने वाचून ताळेबंद होत नाही.

म्हणून मी मधला मार्ग काढला. जहाज मुंबईहून प्रवासास निघालेले दाखविले असून तोफांच्या खिडक्यांची झापे बंद आहेत. वाऱ्या-लाटांत ती बंदच ठेवीत, त्यामुळे इतिहासाशी प्रतारणा झालेली नाही. परंतु खालील फलकावर ‘युद्धनौका, ३८ तोफा’ असे स्पष्ट लिहिले आहे. झापे बंद केली म्हणून आतील तोफा नाहीशा होत नाहीत.

दुसरा निर्णय मागील भागाचा. १८४५ मध्ये त्रिंकोमालीच्या तोफा कमी करून तिच्या पार्श्वभागाचा आकार बदलण्यात आला. हार्टलपूलला आज दिसणारी नौका आणि मुंबईत जन्मलेली नौका यांत त्यामुळे फरक आहे. मी मुंबईचे रूप निवडले. तिचा प्रवास कोठे संपला त्यापेक्षा तिचा आरंभ कोठे झाला, हे आपल्या गावातील मुलांनी पाहावे, अशी इच्छा.

मोडीतून वाचलेले जहाज

१८९७ मध्ये, ऐंशी वर्षांची झालेली ही नौका मोडीत विकली गेली. तोडली जाण्याच्या बेतात असताना जॉर्ज व्हीटली कॉब या गृहस्थांनी ती विकत घेऊन दुरुस्त केली. त्यांचे ‘फुद्रोयां’ नावाचे जुने जहाज त्याच वर्षी वादळात फुटले होते. तेच नाव त्यांनी हिला दिले आणि मुलांच्या प्रशिक्षणासाठी ती उपयोगात आली. हे कार्य १९८६ पर्यंत चालले. १९८७ मध्ये तिला हार्टलपूलला आणण्यात आले, १९९० मध्ये जीर्णोद्धारास प्रारंभ झाला आणि २००१ मध्ये तो पूर्ण झाला. तिचे मूळ नावही तिला परत मिळाले. ब्रिटनमध्ये अद्याप पाण्यावर असलेली सर्वांत जुनी युद्धनौका म्हणून ती ओळखली जाते आणि मुंबईत बसविलेल्या मूळ सागवानाचा मोठा भाग आजही तिच्यात आहे. कुजलेला तेवढाच वासा काढावयाचा, टिकलेला जपावयाचा, हे जीर्णोद्धाराचे तत्त्व आपल्या मंदिरांच्या संदर्भात आपणास परिचितच आहे.

उपसंहार

माझी प्रतिकृती २०२१ च्या दिवाळीत पूर्ण झाली; सहा वर्षे लागली. बुडाला तांब्याचे छोटे पत्रे बसविले आहेत. मूळ पत्रा चार फूट लांब व चौदा इंच रुंद असे, माझा एक इंच लांब व साडेसात मिलिमीटरांहून किंचित कमी. ती पाहावयास येणारे पाहुणे तांब्याची चमक व दोरांची गुंतागुंत पाहून कौतुक करतात. कण्यात मी चांदीच्या तारेचा एक बारीक खिळा ठोकला आहे. तो कोणास दिसत नाही.

एकदा नातवाने विचारले, “आजोबा, खरं जहाज कोणी बांधलं?” मी म्हणालो, “जमशेटजी वाडियांनी.” तो म्हणाला, “एकट्यांनी?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. लाकूड चिरणारे, वासे तासणारे, फळ्यांच्या फटींत डांबर भरणारे, हातोड्याने हजारो खिळे मारणारे असे कितीतरी लोक त्या गोदीत राबले असतील. बांधकाराचे नाव उरले, जहाजाचे उरले, पहिल्या कप्तानापासून अखेरच्या मालकापर्यंत सर्वांची नोंद आहे. त्या कारागिरांची नावे मला कोठे वाचावयास मिळाली नाहीत. मी मोजून पाच बरगड्या पुन्हा केल्या, तर त्याचा लेख लिहून छापावयास देत आहे. त्यांनी संपूर्ण जहाज बांधले आणि ते दोनशे वर्षांहून अधिक काळ तरंगत आहे.

शेवटचा डेक बसविण्यापूर्वी मी एका कागदावर आमच्या मिस्त्रींचे नाव लिहिले, त्याखाली ‘आणि मुंबई गोदीतील सर्व कारागीर, १८१६–१८१७’ असे लिहून तो कागद आतील बाजूस चिकटविला. जमशेटजींच्या त्या आख्यायिकेची आठवण ठेवून. आता तो वाचावयाचा तर जहाज फोडावे लागेल.

आपल्या ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीतही विश्वस्तांची नावे पाटीवर आहेत आणि ती असावीत. परंतु ज्यांनी पहाटे उठून आवार झाडले, उत्सवाच्या पंगती वाढल्या, वह्यांचे हिशेब रात्री जागून जुळविले, त्यांची नावे या स्मरणिकेच्या एखाद्या पानावर यावीत, अशी संपादक मंडळास माझी नम्र विनंती आहे. प्रतिकृती पाहण्यास सर्वांचे घरी स्वागत आहे. लहान मुलांना अवश्य आणावे. त्यांना हात लावू देतो.

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवास हार्दिक शुभेच्छा. जय जिनेंद्र!